काजळीचं ताक आणि मामाचा डबा

आमच्या घराची सकाळ रवीच्या आवाजाने व्हायची. कोंबडा त्याच्या बराच आधी ओरडून मोकळा झालेला असे, पण त्याचं कोण ऐकतो! माय ओसरीच्या खांबाला दोरी अडकवून डेऱ्यात रवी फिरवायला लागली की आधी घर्रघर्र असा जड आवाज येई, आणि लोणी धरायला लागलं की तो पातळ होत होत नुसता खळखळाट उरे. मी गोधडीत पडल्यापडल्या त्यावरून ओळखायचे की आता उठलं तर ताक मिळेल आणि उशीर केला तर हातात झाडू मिळेल. माझा धाकटा भाऊ नामा असला विचार करत नसे. आवाज सुरू झाला की तो उघडाबोडका रांगत, आणि पुढे चालायला लागल्यावर धडपडत, डेऱ्यापाशी जाऊन बसे आणि आपली पितळी वाटी दोन्ही हातांनी जमिनीवर आपटे. आमच्याकडे ताकाला मही म्हणतात. "मही, मही, मही" असा त्याचा जप रवीच्या तालावर चालायचा. माय म्हणायची, "थांब ना रे बाप्पा, लोनी तर येऊ दे!" आणि लोणी यायच्या आधीच त्याच्या वाटीत ताक पडलेलं असायचं.

बाबा जंगल खात्यात नाकेदार होते. सागवानाच्या गाड्या नाक्यावर थांबवायच्या, लाकडावरचा शिक्का बघायचा आणि बांबू वर करून गाडी सोडायची, एवढं त्यांचं काम. आमचं मूळ गाव नागभीडकडचं, धानाच्या शेतांतलं. तिथून बदली झाली ती एकदम आत, आज ज्याला गडचिरोली जिल्हा म्हणतात त्या भागात. तेव्हा सगळा चांदा जिल्हाच, म्हणजे आजचा चंद्रपूर, होता. त्या गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, त्या गावाचा यात काही दोष नाही. बदलीचा कागद आला तेव्हा मायने एकच अट घातली होती, काजळी येईल तर मी येईन. काजळी म्हणजे आमची म्हैस. बाबांनी कपाळावर हात मारला, पण म्हैस आली. गाडीमागे बांधून, मुक्काम करत करत, नदीनाले ओलांडत ती आमच्याबरोबर त्या जंगलात आली आणि आम्हा सगळ्यांच्या आधी तिथे रुळली.

गावात जनावरं भरपूर होती. संध्याकाळी लाकडी घंटा वाजवत कळप परतायचा तेव्हा धुळीत झाडं दिसेनाशी व्हायची. पण एवढ्या गाई असून गावात थेंबभर दूध नव्हतं, कारण तिथली माणसं गाय पिळतच नसत. गाय नांगरासाठी बैल देते, दूध तिच्या वासराचं. आमच्या शेजारची जैनीबाई पहिल्यांदा आमच्या गोठ्यात आली तेव्हा माय काजळीखाली बसलेली होती. जैनीबाई तोंडावर पदर धरून हसत सुटली. "पाल वासराचा असते व बाई," ती म्हणाली. पाल म्हणजे दूध. "तुमी लेकराच्या तोंडचं काढून पिता, लाज नाई वाटत?" मायही कमी नव्हती. "अन् तुमी मुंग्या वाटून खाता, त्याइले काय वाटत असंन?" दोघींची मैत्री तिथेच जुळली. जैनीबाई आमच्या ताकाला कधी शिवली नाही, मायने तिची लाल मुंग्यांची चटणी कधी चाखली नाही, पण वांगी, मोहफुलं, मीठ, विस्तव यांची ये-जा दिवसभर चालायची.

आता ताकाचं सांगते, कारण सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं. काजळीच्या दुधाचं आमच्याकडे दही लागायचं, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप. तुपाला मोल होतं. ते आठवडी बाजारात जायचं आणि त्याच्यावर आमचं तेल, गूळ, लुगडी यायची. ताकाला मात्र मोल नव्हतं. ताक विकायचं नसतं, अशी आमच्या लोकांची रीत. ते कोणालाही द्यायचं. धानपट्टीतले गाडीवान नाक्यावर थांबले की तांब्या घेऊन ओट्यावर येत, "काय व वहिनी, मही हाय काय?" आणि पोटभर पिऊन जात. उरलेलं आम्ही पोरं प्यायचो, कण्यांच्या भातावर घ्यायचो, अंबाडीच्या भाजीत घालायचो. माय स्वतः काय खायची ते कोणी पाहिलं नाही, पण ताक तिच्याही पोटात जात असलं पाहिजे. नामाचं तर सगळं अंग त्या ताकावर वाढलेलं होतं. हे आज मला कळतं. तेव्हा आम्हाला वाटायचं की पोर देवाच्या दयेने वाढतं आणि ताक आपलं वाया जाऊ नये म्हणून पितं.

माझा नातू व्यायामशाळेत जातो. त्याच्या खोलीत बादलीएवढा प्रोटीन पावडरीचा डबा आहे. मी एकदा त्याला विचारलं, यात जे आहे ते दह्यात नसतं का रे? तो म्हणाला, "असतं ना आजी. दह्यात, पनीरमध्ये, डाळीत, अंड्यात, सगळ्यांत असतं. स्वस्तही पडतं. पण हे सोपं पडतं." मुलगा खरं बोलतो. मी मान हलवली आणि तिथून उठले. त्या डब्यावर एका पिळदार माणसाचं चित्र आहे. मामाच्या डब्यावर गुबगुबीत बाळाचं होतं.

त्या वर्षी पाऊस उतरल्यावर घरोघरी हिवताप आला. नामा तेव्हा दोन वर्षांचा होऊन गेला होता, घरभर पळत होता, काजळीच्या वगारीच्या, म्हणजे तिच्या रेडकाच्या, गळ्यात पडून झोपत होता. ताप त्याला सोडून गेला, पण जाताना सगळं घेऊन गेला. खाल्लेलं अंगी लागेना. हातापायांच्या काड्या झाल्या. मायने अंगारा लावला, नवस बोलली, बाजारातल्या वैदूचं चूर्ण दिलं. जैनीबाई भाजलेल्या वाळल्या मासोळ्या पानात बांधून घेऊन यायची आणि नामा त्या कुटुकुटु खायचा. हळूहळू तो पुन्हा ताकाच्या वाटीपाशी येऊन बसायला लागला होता. मला नक्की आठवतं, तो वाटी आपटायला लागला होता. आणखी एखादा महिना आम्हाला कोणी भेटायला आलं नसतं तर!

पण मामा आला. मायचा सख्खा भाऊ, चांद्याला एका शेटच्या लाकडाच्या वखारीत कारकून होता. बहिणीवर जीव टाकणारा माणूस. भाच्याच्या तापाची बातमी कोणा गाडीवानाकडून कळली तसा तो लाकडाच्या ट्रकवर बसून, अंगभर लाल धूळ घेऊन दारात उतरला. पिशवीतून त्याने पिवळा चकचकीत डबा काढला आणि दोन्ही हातांनी मायपुढे ठेवला. आम्ही सगळे त्याच्याभोवती उकिडवे बसलो. डब्यावरच्या बाळाचे गाल असे होते की बोट लावावंसं वाटे.

"ताकतीची पावडर हाय," मामा म्हणाला. "शेटच्या नातवाले हेच देतत. दोन महिन्यात पाह्य कसा झाला तो! आपला नामा काऊन मांगं राहीन?"

मायने झाकण उघडलं. आत पांढरी भुकटी होती. वास घेऊन तिने तो प्रश्न विचारला, जो आमच्याकडची कुठलीही बाई विचारेल. "पथ्य काय याचं?"

मामा घोटाळला. शेटच्या घरात पथ्याचं कोणी बोललं नव्हतं. त्याने फक्त डबा बघितला होता आणि पोराचे गाल बघितले होते. पण पथ्य नाही असं कसं सांगायचं? ज्या औषधाला पथ्य नाही त्यात गुण नाही, असंच आम्ही सगळे मानत आलेलो. वैदूच्या साध्या पुडीलाही पथ्य असायचं, मग एवढ्या महागाच्या, चांद्याहून आलेल्या डब्याला नसेल? मामाने थोडा विचार केला आणि प्रत्येक औषधाबरोबर जे लहानपणापासून ऐकलं होतं तेच सांगून टाकलं. "नेहमीचंच व. आंबट नाई, दूध-दही-मही नाई. डाळ नाई, वातूळ असते. मासोळी-अंडं तं अजिबात नाई. पेज दे पातळ, अन् सकाळ-संध्याकाळ एक चमचा हे, ऊन पान्यात."

तो खोटं बोलला नाही. त्याला ते खरंच वाटत होतं, आणि सांगितल्यावर तर आणखीच खरं वाटलं असणार.

दुसऱ्या दिवसापासून पथ्य सुरू झालं. माय कुठलीही गोष्ट अर्धवट करणारी बाई नव्हती. तिने नामाची पितळी वाटी उचलून फळीवर ठेवली. जैनीबाईच्या मासोळ्या दारातूनच परत केल्या. पावडरीचा चमचा ती सपाट करून, वरचं बोटाने डब्यात परत ढकलून, मोजूनमापून द्यायची, कारण औषध जास्त झालं तर उष्णता होते. पांढुरकं पाणी नामा दोन घोटांत पिऊन टाकायचा आणि रिकाम्या भांड्यात बोट फिरवायचा. मग पेज. दिवसभर पेज.

रवीचं काय करायचं हा मोठा प्रश्न झाला. घर्रघर्र सुरू झालं की नामा उठून बसे आणि हात पुढे करून रडायला लागे. मायने घुसळण गोठ्यामागे नेलं. तिथूनही आवाज आला. मग असं ठरलं की घुसळायच्या वेळी मी त्याला कडेवर घेऊन नाल्यावर जायचं. मी जायचे. तो माझ्या खांद्यावरून मागे वळून घराकडे बोट दाखवत राहायचा. "मही," तो म्हणायचा. आधी रडून, मग नुसतं सांगितल्यासारखं, आणि पुढे पुढे फक्त बोट दाखवायचा. आम्ही परत येईपर्यंत ताक गाडीवानांनी संपवलेलं असे. ते मिशा पुसत मायला दुवा देत असत आणि माय म्हणत असे, "माझ्या नामासाठी मांगा देवाजवळ."

आणि देवाने ऐकलं, असं आम्हाला वाटलं. डबा तळाला लागत आला तेव्हा एका सकाळी मायने नामाला आंघोळ घालताना हाक मारली, "शेवंते, धावत ये! पाह्य याचे गाल!" मी धावले. खरंच गाल भरले होते. पाय भरले होते, इतके की घोट्याची हाडं दिसत नव्हती. डोळे गालांत बुडाले होते. डब्यावरच्या बाळासारखाच दिसत होता. मायने त्याच्या कपाळाला काजळाचा मोठा ठिपका लावला आणि गूळ वाटला. बाबा नाक्यावरून आले तेव्हा त्यांनी त्याला उचलून वर फेकलं नाही, नेहमी फेकायचे तसं. त्यांनी नुसतं धरून ठेवलं आणि म्हणाले, "जड झाला." ते शब्द आनंदाचे होते, पण त्यांचा चेहरा मला आठवतो, त्यात कुठेतरी शंका होती. नामा हसला नाही. तो हसायचा थांबला होता. कोणी हात लावला तर किरकिरायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. केस तांबूस झाले होते. माय म्हणाली, "ताकतीनं चिडचिडा झाला."

त्या दिवशी जैनीबाई कुंपणाशी आली. नामाकडे बघत राहिली. आत आली, खाली बसली, त्याच्या पावलावर अंगठा दाबला आणि उचलला. अंगठ्याची खळी तशीच राहिली, भरून आली नाही.

"बाई," ती म्हणाली, "माझा असाच फुगला होता. मंग गेला."

मायचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "तोंडाले आग लागो तुह्या!" ती ओरडली. "माझं लेकरू बाळसं धरून राह्यलं अन् तू नजर लावतं? जाय इथून. येऊ नको पुन्हा." जैनीबाई उठली. तिला उपाय माहीत होता अशातला भाग नाही, माहीत असता तर तिचा मुलगा गेला नसता. तिने फक्त ओळखलं होतं. ती गेली, आणि विस्तव-मिठाची ये-जा त्या दिवशी थांबली.

डबा संपला. मामाला निरोप गेला, पण असला डबा दर वेळी त्याच्या पगारात बसणारा नव्हता आणि आमच्या तर मुळीच नव्हता. तूप विकून भागेना. मग माय आणि बाबा चुलीपाशी बसून जे बोलले ते मी शब्दाशब्दाने सांगू शकते, कारण त्यात चूक कुठेच नव्हती. माय म्हणाली, "म्हैस विकून टाका."

"काजळी?"

"घरात दूध चालते काय आता? मही चालते? पथ्य हाय लेकराले. तुपात डबा येत नाई. गाडीवानाइले पाजाले म्हैस ठेवाची काय?"

मी आजही त्या वाक्यात फट शोधते. सापडत नाही. पथ्य खरं असेल तर म्हैस निरुपयोगी होती, आणि पथ्याबद्दल शंका घ्यायची म्हणजे डब्याबद्दल शंका घ्यायची, आणि डब्यावर तर आमचं सगळं घर उभं होतं. मूल गावाकडच्या एका गाडीवानाने काजळीला वगारीसकट घेतलं. मायने तिच्या कपाळाला कुंकू लावलं, दावं स्वतः सोडून त्याच्या हातात दिलं. काजळी गेली, पण वळून बघत वगैरे गेली नाही. वगारीमागे मुकाट चालत गेली. त्या दिवसापासून सकाळी आमचं घर गप्प असायचं. मला नामाला घेऊन नाल्यावर जायची गरज उरली नाही.

काजळीच्या पैशांचे डबे आले. दुसऱ्या डब्याचं झाकण उघडलं तेव्हा नामाच्या पायांची कातडी सोलायला लागली होती, पोळल्यावर सोलते तशी. तो पेज गिळेना. उभं राहता येईना. तेव्हा कुठे बाबांनी रजा काढली आणि आम्ही लाकडाच्या ट्रकवरून दूरच्या एका सरकारी दवाखान्यात गेलो. माय नामाला मांडीवर घेऊन पुढे ड्रायव्हरजवळ बसली होती आणि मी मागे ओंडक्यांवर बाबांजवळ. मायच्या गाठोड्यात दोन लुगडी आणि डबा.

डॉक्टर तरुण होता, शहरातून कुठून तरी नुकताच आलेला. त्याने नामाचे डोळे पाहिले, केस पाहिले, पावलावर अंगठा दाबला. जैनीबाईने दाबला होता तसाच.

"हा काय खातो?" त्याने विचारलं.

मायने गाठोडं सोडलं आणि डबा टेबलावर ठेवला. काय सांगू, तिच्या तोंडावर अभिमान होता! "हे देतो जी. एक दिवस चुकवला नाई."

"आणि दुसरं?"

"पेज. पथ्य कडक पाळलं जी. दूध नाई, दही नाई, मही नाई. डाळ, मासोळी, अंडं, काईच नाई देल्लं."

डॉक्टरने झाकण उघडलं. चिमूटभर भुकटी जिभेवर ठेवली. तो ओरडेल असं मला वाटलं, पण तो ओरडला नाही. फार हळू बोलला. "बाई, हे औषध नाही. हे दूधच आहे. दुधातली साय-लोणी काढून घेतात आणि उरतं ते वाळवून ही पावडर करतात. याला पथ्य नसतं. हे चमच्याने नाही, वाटीने द्यायचं असतं. आणि हे नसलं तरी चालतं, साधं दूध-दही पोटभर दिलं असतं तरी झालं असतं. ही सूज आहे. अंगाला खायला मिळालं नाही म्हणून आलेली सूज."

बाबा तोपर्यंत दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. ते म्हणाले, "लोनी काढल्यावर उरते, ते तं मही झालं."

"जवळपास तेच म्हणा," डॉक्टर म्हणाला. "तुमच्या घरी जनावर नाही का?"

"होतं," बाबा म्हणाले.

डॉक्टरने भांडं मागवलं, पाणी उकळवलं, आणि आमच्याच डब्यातून पावडर काढू लागला. एक चमचा, दुसरा, तिसरा, वर शीग ठेवून. मायला राहवेना. तिने त्याचा हात धरला. "एवढं नका टाकू जी! सरून जाईन!" मग तिला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं असावं. तिने हात सोडला आणि पदर तोंडात कोंबला.

नामा ते थोडं थोडं करून प्याला. डॉक्टर स्वतः दिवसातून कितीदा तरी येऊन पाजायचा, तो चांगला माणूस होता. एका सकाळी नामाने रिकामी वाटी दोन्ही हातांत धरली आणि खाटेच्या लोखंडावर आपटली. एकदा, मग पुन्हा. अशक्त आवाज होता, पण आपटली. माय हसली, रडली, माझा दंड धरून म्हणाली, "मांगून राह्यला व, मांगून राह्यला!" मला वाटलं, सुटलो. सूज उतरली. आणि सूज उतरल्यावर दिसलं की खाली काहीच उरलेलं नाही. तो नुसती कातडी पांघरून पडला होता. अंग गार पडत चाललं. घुसळायच्या वेळेला गेला. डबा अर्धा शिल्लक होता.

घरी आलो तेव्हा ओसरीवर जैनीबाई बसलेली होती. तिला कोणी सांगितलं कोण जाणे. मायने तिच्याकडे पाहिलं आणि ती तिच्याजवळ जाऊन बसली. दोघी संध्याकाळपर्यंत तशाच बसल्या होत्या. कळप घंटा वाजवत परत आला, ती सगळी जनावरं, ते सगळं दूध आमच्या दारासमोरून गेलं.

आयुष्यभर मी कोणाला तरी दोष द्यायचा प्रयत्न केला. मामाला देऊन पाहिला. तो त्यानंतर आमच्या दारी आला नाही, वखारीची नोकरीही त्याने सोडली, आणि मरेपर्यंत त्याने कोणाला कधी काही खायचा सल्ला दिला नाही. अशा माणसावर काय रागवायचं? बाबांवर रागावले, ते पुढे फार थोडं बोलायचे. मायवर रागवायला गेले तर तिने काय चुकवलं होतं? तिने कसूर केली असती, लपूनछपून पोराला वाटीभर ताक पाजलं असतं, तर तो जगला असता. तिच्या जागी एखादी आळशी, ढिली बाई असती तर तो जगला असता. माझी माय चांगली होती म्हणून तो गेला. हे मला साठ वर्षांत कुठे ठेवता आलेलं नाही.

त्या दिवसानंतर मायने दूध तोंडाला लावलं नाही. दही नाही, ताक नाही, चहासुद्धा कोरा. बाबांनी पुन्हा म्हैस घ्यायचं एकदा काढलं होतं, तेव्हा ती नुसती उठून आत गेली. लग्नाच्या पंगतीत कढी आली की ती पानावर आडवा हात धरायची. वाढणारी बाई विचारायची, "काऊन व?" माय सांगायची, "पथ्य हाय मले." कसलं पथ्य, असं बायका विचारायच्या नाहीत. पथ्य सगळ्यांनाच असतं.

शेवटची वर्षं ती माझ्याकडे होती, चंद्रपूरला. फार वाळली होती. डॉक्टर म्हणाले, अंगात प्रोटीन नाही, दही-ताक द्या, नाहीतर पावडर द्या, जे जमेल, जे परवडेल ते. माझा नातू तेव्हा शाळेत होता, तोच धावत जाऊन औषधाच्या दुकानातून डबा घेऊन आला. मी पेल्यात चमचा ढवळू लागले तसं मायने वास घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. नामा फिरवायचा तसंच. मी डबा माळ्यावर टाकला, पुन्हा तो काढला नाही.

मग एका सकाळी मी दही घुसळलं. घरात रवी नव्हती, शेजारून मागून आणली. मायच्या खोलीचं दार उघडंच होतं. आवाज जाड होता, मग पातळ होत गेला. वाटी घेऊन मी तिच्याजवळ गेले तेव्हा ती डोळे उघडून पडली होती.

"मही होय?" तिने विचारलं.

"हो माय. घे थोडं."

तिने वाटीकडे बराच वेळ पाहिलं. तोंड फिरवलं नाही. मला वाटलं, घेते. किती वर्षांनी घेते. तिने हात बाहेर काढला, वाटीच्या कडेला लावला आणि ती हळूच खाली सरकवली, खाटेच्या बाजूला, जमिनीकडे.

"आधी त्याले दे," ती म्हणाली. "सुटलं आता त्याचं पथ्य."

ती दाखवत होती तिथे मी वाटी ठेवली. दुपारी ती गेली. माणसं जमली, खाट हलवली, पण त्या वाटीला कोणी हात लावला नाही, आणि मीही उचलली नाही.